माधोची तब्येत आणि मामाजी

आमचे मामाजी लेकराचं तोंड मागून पाहायचे, जीभ आधी. कोणाच्याही ओसरीवर टेकले की समोर दिसेल त्या पोराला हुकूम सुटायचा, "आ कर. जीभ काढ. अजून काढ." पोरगं ओकारी येईपर्यंत जीभ काढायचं. मग मामाजी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहायचे, पोटावर दोन बोटं वाजवायचे आणि त्याच्या बापाकडे वळून अशी मान हलवायचे, की बापानं पोराची आशाच सोडावी. "रक्त पातळ आहे," म्हणायचे. "यंदा शाळेत घालू नको." बाप हात जोडायचा. मालगुजारानं आपल्या लेकराची जीभ पाहिली, यातच त्याला धन्य वाटायचं.

वैद्यकीचा आणि मामाजींचा संबंध काय, असं विचाराल तर काहीच नाही. आमचं आंबेटोला धरून तीन गावांची मालगुजारी त्यांच्या घरात होती. पाण्याची बोडी त्यांची, आमराई त्यांची, मोहाची झाडं त्यांची. तेव्हा गावातल्या पोटांतलंही आपल्यालाच कळतं, असं त्यांना वाटायचं. गावालाही वाटायचं, निदान त्यांच्या तोंडावर तरी. वैशाखाच्या उन्हात गळाबंद कोट घालून आणि कानांना मफलर गुंडाळून ते फिरायचे, कारण सगळे रोग कानातून शिरतात असं त्यांचं मत होतं. ते मत त्यांना कुठून मिळालं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांची सगळीच मतं अशी कुठून तरी आलेली होती, आणि एकदा आली की गेलेल्या पाहुण्याच्या खाटेसारखी तिथेच पडून असायची.

मी त्यांच्या घरी वाढले. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. बापानं दुसरं लग्न केलं आणि मामी येऊन मला घेऊन गेली. मामी लहानखुरी, चपळ, कामात वाघीण आणि नवऱ्यासमोर गाय. तिच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे व्रण होते. लग्न ठरवताना ते कोणी मामाजींना दाखवले नव्हते. पुढे जन्मभर त्यांनी ते मामीला ऐकवले.

त्यांचा एकुलता मुलगा माधो. माझ्याहून वर्षानं लहान. त्याच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती, म्हणून मामाजी त्याला इतकं जपायचे, असं लोक अजून म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. ती दोन लेकरं मामीचीही गेली होती. तिनं कधी कोणाची जीभ पाहिली नाही.

गोरेगावची शाळा आमच्या गावाहून कोसभर. उन्हाळ्याची सुट्टी संपली, धानाची पऱ्हे, म्हणजे रोपं, हिरवी दिसायला लागली की शाळा उघडायची. गावातली जी चारदोन पोरं शाळेत जायची त्यांची तयारी म्हणजे काय, तर आदल्या दिवशी बोडीत डुंबायचं, डोक्याला तेल लावायचं आणि सकाळी पेज पिऊन निघायचं. माधोची तयारी अक्षय्य तृतीयेपासून सुरू व्हायची.

"कच्च्या मडक्यात पानी ठरत नाई," मामाजी म्हणायचे. "आधी मडकं पक्कं करा लागते. मंग विद्या."

माधो सहा वर्षांचा झाला त्या साली पहिली तयारी झाली. धान मोजायच्या मोठ्या काट्याच्या एका पारड्यात माधोला बसवलं. माधोला वाटलं झोका आहे, तो हसायला लागला. मामाजींनी वजन पाहिलं आणि जाहीर केलं, की पोटात जुना मळ आहे. तीन दिवस एरंडेल दिलं. चौथ्या दिवशी पोरगं भिंत धरून चालत होतं. मग अशक्तपणा आला म्हणून तूप, गोंदियाहून आणवलेले बदाम, दुधात खारीक. ते पचलं नाही म्हणून पुन्हा एरंडेल. आषाढ लागेपर्यंत हे चाललं. शाळा उघडली त्या सकाळी माधो खाटेवर पोट धरून पडला होता आणि मामाजी ओसरीवर बसून शाळेत जाणाऱ्या कोतवालाच्या पोराला थांबवून विचारत होते, "काय खाल्लं बे?"

"लाखोळीची डाळ अना भात."

"शिळा?"

"होय जी."

मामाजींनी डोळे मिटले. "हा टिकत नाई," आम्हाला म्हणाले. तो पोरगा पुढे चौथी पास झाला, जंगलखात्यात लागला आणि अजून धडधाकट आहे.

"यंदा प्रकृती बसली नाई. पुढच्या साली पाहू," म्हणून पहिलं वर्ष गेलं.

दुसऱ्या वर्षी मामाजींना माधोच्या पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली दिसली. आमच्या मुलखात तापाचे दिवस आले की अर्ध्या गावाची पानथरी वाढायची, त्यात नवल नव्हतं. नवल हे, की माधोला त्या साली ताप आलाच नव्हता. तरी पलीकडच्या गावाहून डाग देणारा बोलावला. त्यानं चुलीत बांगडीचा तुकडा लाल केला. दोन गडी माधोला धरायला उभे राहिले. मामी स्वयंपाकघराच्या दारात आली आणि एवढंच म्हणाली, "त्याले ताप नाई जी. कायले डाग देता?"

"तुह्या तोंडावरचे डाग दाखवले होते का कोणी मले?" मामाजी म्हणाले. "जा, दूध तापव."

मामी गेली. दूध तापवलं. माधोच्या किंकाळीनं अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. पोटावर तीन डाग, वाटाण्याएवढे. ते पिकले. पंधरा दिवस पोराला सदरा घालता आला नाही. त्या पंधरा दिवसांत शाळा उघडली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मामाजी त्याला दमणीत, बैलांच्या हलक्या गाडीत, घालून गोंदियाला घेऊन गेले. रेल्वेच्या गावचा नाव असलेला डॉक्टर. त्याच्याकडे मोठमोठे व्यापारी जायचे. मामीसोबत मीही दमणीत होते. डॉक्टरनं माधोला टेबलावर झोपवलं, छाती पाहिली, पोट दाबलं, डागांकडे पाहून कपाळाला आठी घातली आणि म्हणाला, "बच्चा एकदम तंदुरुस्त है, पटेल साहब. स्कूल भेजिए, खेलने दीजिए. और ये जुलाब-वुलाब बंद कीजिए."

मामाजींचा चेहरा मी तेव्हा पाहिला. कोणी भर बाजारात पागोटं उडवावं तसा झाला. दिवसभराचा प्रवास करून मालगुजार आपला मुलगा घेऊन येतो, आणि हा माणूस त्याला काही झालंच नाही म्हणतो. परतीच्या वाटेवर गोरेगाव येईपर्यंत ते बैलांवरच खेकसत होते. मग म्हणाले, "काहीच समजत नाई त्याले. पोट दाबलं अना सोडून देल्लं." मामी तोंडावर पदर घेऊन बसली होती. ती हसत होती की काय, हे मला त्या वेळी कळलं नाही. आता वाटतं, हसतच होती.

तिसऱ्या वर्षाचं मात्र हसू येत नाही.

त्या साली गोरेगावच्या मोठ्या गुरुजींनी निरोप धाडला, की दंडावर टोचून देवी काढल्याचा दाखला असल्याशिवाय नव्या पोराचं नाव लिहिणार नाही. माधो आठ वर्षांचा घोडा झाला होता. नातेवाईक विचारायला लागले होते, मालगुजाराचा पोरगा शाळेत काऊन नाही म्हणून. नाव तर घालायला हवं होतं. पण देवी काढणाऱ्याची टोचणी माधोच्या दंडाला लागणं मामाजींना मंजूर नव्हतं. "साऱ्या जातीच्या दंडात घातलेली सुई माह्या पोराच्या रक्तात घालू?" म्हणाले. "अना मातामाय कोपली तं?" एका तोंडानं दोन्ही. सरकारची सुई बाटवते आणि देवी रागावते. यातलं कोणतं खरं मानत होते, हे त्यांचं त्यांना माहीत असेल तर.

मी त्या उन्हाळ्यात मुदतीच्या तापानं आजारी पडले होते. माझी जीभ पाहायला कोणी बसलं नाही. मामीनं पेज पाजून मला वाचवलं. तापात केस गळाले, उरलेले काढून टाकले. डोक्यावर दोन बोटं वाढ आली होती. अंगानं वाळून माधोच्या उंचीचीच दिसत होते.

देवी काढणारा बाबू चावडीपुढच्या कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसला त्या सकाळी मामाजींनी मला ओसरीवर बोलावलं. पाच वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी मारली. "यमू, ये बाई."

माधोची बंडी माझ्या अंगात घातली. त्याचं धोतर नेसवलं. मामीनं माझ्या डोक्यावर त्याची जरीची टोपी बसवली. तिचे हात थंड होते. "नाव विचारलं तं माधो सांगजो," ती म्हणाली. मी मामीच्या शब्दाबाहेर नव्हते. मामीही नवऱ्याच्या शब्दाबाहेर नव्हती, आणि मला वाटतं, टोचणीची भीती तिलाही होतीच. दोन लेकरं गेलेली बाई ती.

बाबू मध्यम वयाचा, चष्मेवाला, घामानं डबडबलेला. सकाळपासून रडणारी पोरं टोचून वैतागला होता.

"नाव काय?"

"माधो."

"माधव वल्द गणपतराव," मामाजी मागून म्हणाले. मालगुजार स्वतः उभे आहेत म्हटल्यावर बाबूनं माझ्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही. दोन्ही दंडांवर टोचलं. मी रडले नाही. "शाबास," बाबू म्हणाला, "पटलाचा पोरगा शोभतो." मामाजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात माझ्यासाठी नव्हता, पण मला बरं वाटलं, हे कबूल करते.

आठव्या दिवशी बाबू दंड पाहायला आला. पुन्हा बंडी, पुन्हा टोपी. फोड टरारून आले होते. त्यानं मान डोलावली आणि दाखला लिहून दिला. मला दोन दिवस कणकण होती. दंड इतके ठणकत होते, की घागर उचलवेना. मामीनं माझ्या वाटणीचं पाणी भरलं.

माधोचं नाव शाळेत लागलं. तो अकरा दिवस गेला. अकराव्या दिवशी पावसात भिजून आला आणि शिंकला. संपलं. "हवा दमट आहे, दिवाळीनंतर पाहू." दिवाळीनंतर थंडी होती. थंडीनंतर माता आली, देवीची साथ.

माघ संपत आला होता. गोरेगावच्या बाजारातून कोणी तरी अंगावर घेऊन आलं आणि आधी खालच्या टोल्यात, म्हणजे खालच्या वस्तीत, दोन घरांत निघाली. मामाजींनी वाड्याचं फाटक लावून घेतलं. गड्यांना आत यायची बंदी केली. दारावर कडुलिंबाच्या डहाळ्या बांधल्या. माधोच्या गळ्यात आधीच चार ताईत होते, पाचवा बांधला. सहाव्या दिवशी माधोला ताप भरला. तापाच्या तिसऱ्या दिवशी कपाळावर पुरळ दिसलं.

त्या दिवसापासून मामाजी घरात आले नाहीत. ते आमराईतल्या रखवालीच्या खोपीत राहायला गेले. मडकं पक्कं करणारा हा माणूस, मडकं कुंभाराच्या आव्यात पडलं तेव्हा पंचवीस हातांवर उभा राहून ओरडायचा, "काय खाल्लं त्यानं? झाडा झाला का?" मामी आतून दार लोटून घ्यायची. तिला एकदा देवी येऊन गेल्या होत्या, तिला भीती नव्हती. मला टोचलेलं होतं. आम्ही दोघीच त्या खोलीत होतो. माधोच्या अंगावर तीळ ठेवायला जागा नव्हती. कडुलिंबाच्या पाल्यानं मी माश्या वारायची, मामी कापसानं त्याचे ओठ ओले करायची. डोळे सुजून मिटले होते. "मा, सकाळ झाली का?" तो विचारायचा, आणि बाहेर उन्हं कडक पडलेली असायची.

एक दिवस माधोसाठी पाणी घेताना माझी बाही वर सरकली. मामीनं माझा दंड धरला. व्रणांवरून बोट फिरवलं, एकेक करून. "हे त्याचे होते," म्हणाली. "माह्या हातानं टोपी घातली तुले." तेवढंच. मग पुन्हा कापूस ओला केला.

साथीची वर्दी वर गेली असेल, कारण त्याच आठवड्यात देवी काढणारा बाबू परत आला, सोबत शिपाई. खालच्या टोल्यात गेला. तिथं कोणी त्याच्यापुढे दंड करेना. विचारलं तर म्हणाले, "मालगुजाराच्या पोराले टोचलं होतं जी तुमी. त्याले माता आलीच ना? मंग आमच्या लेकराईले कायले टोचता?"

हे त्यांना कोणी सांगितलं होतं? मामाजींनी. आमराईत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाच धंदा. "टोचणी खोटी आहे. माह्या पोराले टोचूनई काय झालं, पाहा." हे बोलताना त्यांची जीभ अडखळली असेल असं मला वाटत नाही. मला तर वाटतं, तोवर त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं.

बाबू तरातरा आमच्याकडे आला. मामाजी आमराईतून फाटकापर्यंत आले, तोंडावर मफलर धरून. बाबू थेट खोलीत शिरला. माधोजवळ बसून त्यानं त्याचे दोन्ही दंड पाहिले. फोडांच्या मध्ये कुठेतरी जुना व्रण सापडतो का, म्हणून चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग मान वर केली. समोर मी उभी होते, हातात पाल्याची डहाळी. केस आता मानेपर्यंत आले होते, पण बंडीसारख्या झंपराच्या बाह्या तोकड्या होत्या. त्यानं माझे दंड धरून त्यांवरचे व्रण मोजले.

बाहेरून मामाजी ओरडले, "पाहून घ्या, बाबूसाहेब, तुमची टोचणी! खोटी सुई घेऊन फिरता!"

बाबू उंबरठ्यावर गेला. हळूच बोलला, पण फाटकापर्यंत ऐकू गेलं. "माझी टोचणी खरी आहे, मालक. ती पाहा, तिथं उभी आहे."

मामाजी काय बोलले? "उन्हाचं जास्त उभं राहणं बरं नाई," म्हणाले आणि आमराईकडे वळले.

बाबू सरकारी नोकर होता, पण मालगुजाराला खोटा पाडून गावात राहता येत नाही हे त्यालाही माहीत होतं. दोन दिवस चावडीवर बसला. कोणी आलं नाही. त्या दोन दिवसांत खालच्या टोल्यातली दोन लेकरं गेली. एक कोष्ट्याची पोर, एक आमच्याच नांगऱ्याचा तान्हा. रडणं आमच्या खोलीत ऐकू आलं. मामी हातातली वाटी खाली ठेवून ऐकत बसली. मग उठली, माधोजवळ शेजारच्या म्हाताऱ्या आत्याबाईला बसवलं, आणि माझं मनगट धरून बाहेर पडली.

मालगुजाराची बायको दिवसाढवळ्या पायी खालच्या टोल्यात जाते, हे गावानं कधी पाहिलं नव्हतं. बायका दारात आल्या. मामी विहिरीच्या काठावर उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता, तिला मोठ्यानं बोलायची सवयच नव्हती.

"आयका वं," ती म्हणाली. "माह्या पोराले टोचलं नाई. कोणी काई सांगो. या पोरीले माधोची टोपी घालून टोचून आनलं, मीच घातली टोपी. पाहा हिचे दंड." तिनं माझी बाही खांद्यापर्यंत वर सारली. "पंधरा दिवस ही माह्या पोराजवळ बसून आहे. त्याची घाण काढून राहिली. हिले एक फोड नाई. माहा पोरगा आंधळा होऊन राहिला. तुमच्या लेकराईले न्या चावडीवर."

नांगऱ्याची बायको, जिचा तान्हा आदल्या दिवशी गेला होता, ती पुढे आली. मला वाटलं मामीच्या अंगावर धावते. तिनं माझा दंड पाहिला. मग म्हणाली, "काल काऊन नाई सांगितलं, बाई?"

मामीनं खाली वाकून त्या बाईचे पाय धरले. मालगुजारीण नांगऱ्याच्या बायकोच्या पाया पडली. त्या बाईनं पाय मागे घेतले नाहीत, तिला उठवलंही नाही. थोड्या वेळानं ती आत गेली, आपल्या मोठ्या पोरीला हाताला धरून बाहेर आली आणि चावडीच्या वाटेला लागली. तिच्यामागे बाकीच्या.

संध्याकाळी मामाजींना हे कळलं. ते फाटकाशी आले आणि मामीला म्हणाले, "माही अब्रू घालवली." मामीनं कडुलिंबाचं पाणी अंगणात ओतलं आणि आत गेली.

माधो वाचला. डावा डोळा गेला, उजव्यात थोडी नजर राहिली. तोंडावर मामीसारखेच व्रण. तो खोलीतून बाहेर आल्यावर मामाजी घरी राहायला परत आले, आणि लगेच आजारी पडले. काय झालं होतं ते कोणत्या वैद्याला सांगता आलं नाही. दोन महिने खाटेवर होते. रोज स्वतःची जीभ आरशात पाहायचे.

आषाढ आला. शाळा उघडायच्या दिवशी सकाळी मामीनं माधोला विहिरीवर आंघोळ घातली, पेज पाजली आणि डोक्यावर टोपी घातली. मला म्हणाली, "तूई चाल." खाटेवरून मामाजी म्हणाले, "कुठं नेऊन राहिली त्याले? तब्येत तयार नाई त्याची."

"तुमची करा तयार," मामी म्हणाली.

कोसभर चिखलातून ती आम्हाला घेऊन गेली. माधो तिच्या पदराला धरून. बांध्यांत धानाची रोपं लावणाऱ्या बायका वाकलेल्या होत्या, त्यांनी कमरेवर हात ठेवून पाहिलं. मोठे गुरुजी मामीला पाहून खुर्चीतून उठले. मामी म्हणाली, "हा माधो. याचं नाव आहे तुमच्यापाशी, दाखला खोटा आहे. ही यमुना, हिचं नाव नाई, पन दंड पाहा." गुरुजींनी त्या दिवशी माझं नाव लिहिलं आणि माधोचं परत पटावर घेतलं. माधोला अगदी पुढे, फळ्याजवळ बसवलं.

त्यानंतर माधोची शाळा एक दिवस बुडाली नाही. पावसात भिजला, शिंकला, तापला, बरा झाला. चौथी झाली, पुढे भंडाऱ्याला जाऊन शिकला. मामाजी आयुष्यभर ओसरीवर बसून दुसऱ्यांच्या पोरांच्या जिभा पाहत राहिले. गाव आता जीभ काढायचं, पण ऐकायचं नाही. पोरं पळाली की मागून हसायची. मामी त्यांना वेळेवर जेवायला वाढायची. ते ताटावरून काही विचारायचे, ती "होय" किंवा "नाई" म्हणायची. यापलीकडे तिनं त्यांच्याशी काय बोलणं ठेवलं होतं, मला माहीत नाही. तिच्या शेवटच्या आजारात मी तिथं होते. तिनं मामाजींना बोलावलं नाही, आणि ते आपणहून आले नाहीत. खोलीची हवा बरी नव्हती म्हणे.

मी सासरी तिरोड्याकडे असायची. मामी गेल्यावर आंबेटोल्याला जाणं कमी झालं. मामाजींना मी शेवटचं पाहिलं ते गोरेगावला, त्यांच्या घरी नव्हे. स्वराज्य येऊ घातलं होतं ते दिवस. मी बाजार करून दमणीकडे येत होते, वाटेत शाळा लागली. शाळेच्या भिंतीशी, खिडकीला लागून एक म्हातारा उभा होता, गजाला दोन्ही हातांनी धरून. मामाजी. कोट अंगाला मोठा झाला होता.

आत माधो शिकवत होता. आता त्याला माधवराव मास्तर म्हणायचे. पुस्तक अगदी तोंडाशी धरून तो वाचत होता. त्या एका डोळ्याला खिडकीपाशी बसल्याशिवाय अक्षर लागत नसे. पुढच्या ओळीतलं एक पोरगं खोकलं.

"त्या पोराले उन्हात बसव," मामाजी बाहेरून म्हणाले. "छाती भरली त्याची."

वर्गातली पोरं हसली. माधोनं पुस्तकातून डोळा काढला नाही.

"बाजूला व्हा जी," तो म्हणाला. "उजेड अडून राहिला."

मामाजींनी गज सोडले. दोन पावलं सरकून ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. खिडकीतून ऊन आत गेलं आणि माधो पुढची ओळ वाचायला लागला. मी दमणीत बसले, त्यांना हाक मारली नाही. वळणावरून पाहिलं तेव्हा ते तिथेच उभे होते, खिडकी मोकळी ठेवून.